मायचे दोन प्रश्न

मागच्या 14 एप्रिलला आमच्या वस्तीतल्या विहारापुढच्या मंडपात मी एक कविता वाचली. कविता ताईवर होती. शेवटी मी ओरडून म्हटलं की माझी बहीण मेली नाही, या व्यवस्थेनं तिचा खून केला. टाळ्या पडल्या. पोरं उठून उभी राहिली. मीही मनातून खूश झालो, खोटं कशाला सांगू. माय समोर बायांमध्ये सतरंजीवर बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, ''तू म्हनला का खून केला. मंग कोनं केला, थे सांग. मी तं तिच्या उशाशी होती.'' मी गप्प बसलो. ताट उचलता उचलता ती परत बोलली, ''आन् थे कशी होती, हे एका शब्दानं नाही सांगतलं तुनं. नुसतं मेली, मेली.''

मित्रांनो, हे दोन प्रश्न घेऊन मी तेव्हापासून फिरतो आहे. मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. शाळा दहावीला सुटली, पुढचं सगळं ताईच्या पुस्तकांतून आणि रात्रपाळीतल्या डोक्यातून आलं. तत्त्वज्ञान शिकलेला माणूस हे प्रश्न नीट मांडील. पण ती बहीण माझी होती आणि ती कविताही माझीच होती, तेव्हा उत्तर मलाच द्यावं लागणार. आणि आपण सगळेच मंडपात उभे राहून आपल्या मेलेल्यांबद्दल बोलतो, म्हणून हा प्रश्न तुमचाही आहे.

ताईला सिकलसेल होता. विदर्भातल्या पोरांना हे नाव सांगायला नको. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात आपल्या आणि आदिवासींच्या कितीतरी घरांत हा आजार आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. सिकल म्हणजे विळा. रक्तातली तांबडी पेशी गोल असते, मऊ असते, बारीक नळीतून वाकून निघून जाते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. बारीक नळ्यांत अडकते. जिथं अडकली तिथं पुढं रक्त जात नाही, आणि मग हाडात, पाठीत, छातीत अशी कळ उठते की माणूस जनावरासारखा ओरडतो. गोल पेशी 120 दिवस जगते, विळ्याची पेशी 10 ते 20 दिवसांत मरते. म्हणून अंगात रक्त कायम कमी, डोळे कायम पिवळे.

हा आजार लागट नाही. तो मायबापाकडून येतो, आणि दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक होतो, सहसा काही त्रास होत नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात 4 मध्ये 1 वेळा पोर आजारी निघू शकतं. माय वाहक होती, बाबाही वाहक होते. दोघांनाही ठाऊक नव्हतं.

या आजाराला नाव कधी मिळालं? 1910 साली शिकागोत जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा या पेशींबद्दल लिहिलं. त्याचा रोगी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक काळा तरुण होता. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. 1952 मध्ये आपल्या देशात निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडल्याची नोंद झाली. ताई जन्मली 1998 मध्ये. म्हणजे ती जन्मायच्या किती आधी हे सगळं कागदावर आलं होतं. आणि आमच्या घरात हे नाव आलं तेव्हा ताई अकरा वर्षांची होती. तोवर तिला संधिवात होता, बाहेरचं होतं, कावीळ होती. शाळेत तर ते नाटकच होतं. कवायतीच्या दिवशी पाय दुखतो म्हणाली की तिला उन्हात उभं करत. उन्हानं अंगातलं पाणी आटलं की पेशी जास्त वाकड्या होतात. पण हे तिथं कोणाला ठाऊक असणार?

आता मायचा पहिला प्रश्न. कोणी केलं?

आमच्या आत्याचं उत्तर तयार होतं. मागच्या जन्मीचं भोगते पोरगी. आमच्या घरानं 1956 मध्ये दीक्षाभूमीवर धम्म घेतला. आजोबा चालत गेले होते. तरी हे वाक्य घराच्या कोपऱ्यात जाळ्यासारखं राहिलं होतं, दुखणं आलं की खाली लोंबायचं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या त्यांच्या मागे 1957 मध्ये निघालेल्या ग्रंथात या गोष्टीचा नेमका समाचार घेतला आहे. आजचं दुःख मागच्या जन्माच्या कर्माचं फळ आहे असं एकदा मानलं, की गरिबाच्या हालाची जबाबदारी ना राज्याची राहते ना समाजाची. या सिद्धांताचा दुसरा काही हेतूच दिसत नाही, असं ते म्हणतात. हे मी ताईलाच वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, ''आत्याले वाचून दाखव. मले कळ उठली का मी मागच्या जन्माचा इचार नाही करत, गोळीचा करतो.'' ती गंमतीनं अशीच पोरासारखी बोलायची.

दुसरं उत्तर डॉक्टरचं. हा निसर्ग आहे, यात कोणाचा दोष नाही. मी तेव्हा त्या माणसावर चिडलो होतो. आज वाटतं, त्याचं म्हणणं मायसाठी औषध होतं. कारण बाबांकडचे लोक म्हणायचे की हिचंच रक्त खराब. निम्मं बापाचं आणि निम्मं मायचं, हा हिशेब डॉक्टरनं कागदावर काढून दाखवला तेव्हा माय पहिल्यांदा मान वर करून बोलली. आणि खराब रक्त ही भाषाच खोटी. 1954 मध्ये ॲलिसन नावाच्या शास्त्रज्ञानं पूर्व आफ्रिकेत दाखवलं की वाहक माणसाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथं हिवताप फार, तिथं ही खूण टिकली. आपले पूर्वज जंगलाच्या, पाण्याच्या कडेनं तापात जगले, ते या रक्तामुळेही जगले असतील. ज्याच्या एका मापानं वाचवलं त्याचीच दोन मापं एका लेकरात पडली. यात पाप कुठं आलं?

तेव्हा निसर्ग हे उत्तर खोटं नाही. पण ते पुरेसंही नाही. कारण मग मी कागद घेतला आणि ताईच्या चोवीस वर्षांतल्या गोष्टी दोन रकान्यांत लिहायला बसलो. पेशीचा आकार निसर्गाच्या रकान्यात. कळ निसर्गाच्या रकान्यात. अकरा वर्षं नाव न कळणं कुठं लिहू? कळा कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी तालुक्याला मिळेना आणि महिना-महिना खाडा पडला, तो कुठं लिहू? रक्त चढवायला 40 किलोमीटर जाणं, तिथं बदली रक्तदाता आणा म्हणून पायरीवर बसून राहणं, 2020 च्या टाळेबंदीत रक्तदान शिबिरं बंद पडली तेव्हा ते तीन दिवस थांबणं, हे कुठं लिहू? दुसरा रकाना भरत गेला. पहिल्यात दोनच ओळी राहिल्या.

पण मित्रांनो, इथं मला थांबून एक गोष्ट कबूल करावी लागते. त्या दोन ओळी खोडता येत नाहीत. उद्या समाज बदलला, दवाखाना दाराशी आला, गोळी हातात आली, तरी ताईला कळ उठली असती. जास्त जगली असती, कमी भोगलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. किती जास्त, ते मी सांगू शकत नाही. म्हणून 'खून' हा शब्द मी परत घेतो. खुनाला एक हात लागतो. इथं हात लागला नाही, लागायला पाहिजे होते ते हात मागं घेतले गेले. याला आपल्या भाषेत वाऱ्यावर सोडणं म्हणतात. हा शब्द मंडपात टाळी घेत नाही. पण खरा आहे, आणि खुनापेक्षा सौम्य आहे असं मला वाटत नाही.

आणि मागं घेतलेल्या हातांत एक हात माझा आहे. डिसेंबर 2022. थंडी होती, आणि थंडी या आजाराला वाईट. ताईची छाती भरली होती. मी रात्रपाळीला होतो. सुट्टी मागितली तर कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, जा, पण उद्यापासून येऊ नको. मी थांबलो. महिन्याचा किराणा, बाबांचं दुखणं, सगळं डोळ्यांपुढं होतं. मोबाईल गेटवर जमा करावे लागतात. सकाळी सातला फोन हातात आला तेव्हा त्यावर मायचे अकरा कॉल होते. ताई चारला गेली होती.

ही गोष्ट मी कवितेत घातली नव्हती. 'व्यवस्था' म्हटलं की मी आपोआप व्यवस्थेच्या बाहेर उभा राहतो, हे मला तेव्हा सोयीचं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती फक्त माझी नाही, आपल्या सगळ्यांची आहे. बाबासाहेबांनी 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय 25. जातीच्या आतच लग्न करणं हाच जातीचा गाभा, असं त्यांनी मांडलं. पुढं 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय असं सांगितलं. आता सिकलसेल पाहा. ही खूण हिवतापामुळं टिकली, ती जातीनं बनवलेली नाही. पण कुंपणाच्या आतच लग्नं झाली तर वाहकाला वाहक भेटायचा संभव वाढतो. कुंपण वरच्यांनी घातलं, हे खरं. पण आज बायोडाट्यावर पोटजात कोण लिहितं? कोसरे का बावणे, हे कोण विचारतं? मंडपात जातिअंताची घोषणा देणारे आपणच घरी येऊन विचारतो. बाबासाहेबांनी जी गोष्ट समाजशास्त्र म्हणून सांगितली ती माझ्या बहिणीच्या नळ्यांतून वाहत होती. मायला हे मी सांगितलं. ती म्हणाली, ''मंग आमी दोघं गुन्हेगार हो का रे?'' नाही माय. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आता आम्हाला सांगितलेलं आहे.

इथं मला वाटतं मायच्या प्रश्नाची मांडणीच बदलावी लागते. आपण अगोदर विचारतो, गुन्हेगार कोण? गुन्हेगार सापडला तर लढतो. नाही सापडला तर नशीब म्हणून बसतो. म्हणजे जबाबदारी दोषातूनच निघते असं आपण धरून चाललो आहोत. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्षूला जुलाब झाले होते आणि तो आपल्याच घाणीत पडला होता. बुद्ध आनंदाबरोबर विहारांची पाहणी करत तिथं आले. त्यांनी विचारलं, तुझी सेवा करायला कोणी नाही का? तो नाही म्हणाला. का नाही? तर तो म्हणाला, मी भिक्षूंच्या काही कामाचा नाही, म्हणून ते माझी काळजी घेत नाहीत. बुद्धांनी पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून सांगितलं की तुम्हाला इथं माय नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं आजाऱ्याची करावी.

तथागतांनी रोग कोणामुळं झाला असं तिथं विचारलं नाही. जवळ कोणी का नाही, एवढंच विचारलं. दोष कोणाचाही असो किंवा कोणाचाच नसो, जबाबदारी उरतेच, कारण ती सोबत असण्यातून येते. आणि त्या भिक्षूचं उत्तर वाचून माझ्या अंगावर काटा आला. मी कामाचा नाही म्हणून. ताई मोर्चात येऊ शकत नव्हती. जयंतीला नाचू शकत नव्हती. वर्गणी गोळा करायला दहा घरं फिरली की आठ दिवस पडून राहायची. आमच्या मंडळाच्या यादीत तिचं नाव कधीच नव्हतं. ती गेली तेव्हा मात्र मंडळाचा फलक चौकात लागला. रक्त द्यायला चार पोरं यायची, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण ती चारच होती.

दुसरीकडे हे झालेलं आहे. ज्या ब्लॅक पँथरवरून 1972 मध्ये आपल्या मुंबईतल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथर पक्षानं 1971 पासून काळ्या वस्त्यांत सिकलसेलची फुकट तपासणी सुरू केली होती. हाच आजार. बंदुका घेतलेले त्यांचे फोटो आपल्याला पाठ आहेत, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेणारे त्यांचे कार्यकर्ते आपल्याला कोणी दाखवले नाहीत. 1972 मध्ये अमेरिकेच्या सरकारला त्यावर कायदा करावा लागला. पण पुढचंही सांगतो. तपासणी झाली आणि समज दिली गेली नाही, तिथं निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. म्हणजे माणुसकीशिवाय केलेली तपासणी कपाळावर नवा डाग देऊन जाते.

आपल्याकडं 2016 च्या कायद्यानं सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतलं. 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047 पर्यंत आजार संपवायचं ठरलं. तिचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो असायलाच हवा. आपल्या वस्त्या त्यात मोजल्या जातात का, हे पाहायचं काम आपलं. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत जनुकावरच्या उपचाराला मंजुरी मिळाली. किंमत एका रोग्याला 22 लाख डॉलर. ताईला जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं.

आता मायचा दुसरा प्रश्न. ती कशी होती?

रमाई 27 मे 1935 ला दीर्घ आजारानं गेल्या. चार लेकरं पुरलेली माउली. बाबासाहेबांनी 1940 साली पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यात त्यांच्या आजाराचा पाढा नाही. अगोदर त्यांच्या मनाचा चांगुलपणा आहे, शील आहे, आणि मग त्या मित्र नसलेल्या, ओढगस्तीच्या दिवसांत त्यांनी शांतपणे दिलेली साथ आहे. अगोदर माणूस, मग त्याचं दुःख. मी उलटं केलं होतं. मी दुःख उभं केलं आणि त्याच्यामागं ताई दिसेनाशी झाली. सवर्णांच्या गोष्टीत आपण नुसते बिचारे असतो म्हणून आपण चिडतो ना? मग माझ्या कवितेत माझी बहीण नुसती बिचारी का?

तर मी सांगतो. ताई उंच नव्हती. आवाज मोठा होता. साड्यांना फॉल-पिको करून ती आपल्या गोळ्यांचे पैसे आपण काढायची आणि हिशेबाची वही कोणाला दाखवायची नाही. बारकी आंबट संत्री तिला फार आवडायची. ओट्यावर वस्तीतली पोरं घेऊन गणित शिकवायची, आणि कळ उठली की म्हणायची, पाढे म्हणा जोरात, म्हणजे तिचं कण्हणं पोरांना ऐकू जाऊ नये. मी पाळीवरून डोक्यात कापूस घेऊन आलो की म्हणायची, ''आला म्हातारा.'' माझ्या पहिल्या कवितेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिनं लाल पेन्सिलीनं काढल्या आणि खाली लिहिलं, बरी आहे, पण एवढी ओरडते काहून? तिला राग लवकर यायचा. दोन-दोन दिवस बोलायची नाही. मरायची भीती तिला वाटायची, आणि ती ते लपवायची नाही. ती शूरबीर काही नव्हती. तिला जगायचं होतं.

ताई गेल्यावर चार महिन्यांनी मी माझी तपासणी केली. आधी का नाही केली? भीती. आपण तिच्यासारखे नाही एवढ्यावर मी खूश होतो. मी वाहक निघालो. आता माझ्या लग्नाचं चाललं आहे. पोरीकडच्यांना मी कागद दाखवतो आणि त्यांचाही मागतो. दोन ठिकाणी बोलणी तिथंच मोडली. मायला वाईट वाटतं. पण तिनं मला कागद लपव म्हटलं नाही. जात कोणती पाहिजे, हेही ती आता विचारत नाही.

आमच्या विहारात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण बसतो. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, रक्त कधी लागणार, गोळी कुठं संपली, याची एक वही आहे. मोठं काम नाही. त्या वहीत सध्या सतरा नावं आहेत, आणि प्रत्येकाच्या नावापुढं त्याला काय आवडतं तेही लिहायचं, असं मायनं सांगितलं आहे. पोरं हसली होती. पण आता लिहितात.

ती कविता मी परत वाचणार नाही. हा लेख मायला वाचून दाखवला. ती म्हणाली, संत्र्याचं बरं लिहिलं.